डोकं सावधान

आमचे घरमालक माणसाला तोंडावरून ओळखत नसत, मानेवरून ओळखत. मी समोरून आलो की डोळे बारीक करून "कोन पायजे?" असं विचारायचे. मी निमूट जिना चढायला लागलो, त्यांच्याकडे पाठ झाली, की मागून आवाज यायचा, "आवं साहेब, तुमी व्हय! उजव्या कानामागं राहिलंय बगा. कोन गाढवानं कापलं?" डोळ्यांत मोतीबिंदू होता हे खरं, पण पाठमोऱ्या माणसाला तो आड येत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी माणसं मागूनच पाहिली होती, त्याला ते तरी काय करणार!

सगळे त्यांना आबा म्हणत. साताऱ्याकडचे. लखनऊच्या विकास नगरात त्यांच्या मुलाने बांधलेलं अरुंद, उंच घर होतं. तळमजल्यावर आबा आणि मुलगा, मधे मी, गच्चीवर एक खोली. मुलगा केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी, सूनबाई पोरांच्या शिक्षणासाठी पुण्याला. माझंही तसंच. बायको-मुलं अकोल्याला आणि मी रेल्वेत सिग्नलचा इंजिनिअर. लखनऊ ही माझी आठवी बदली. आठव्या बदलीला माणूस खोली बघत नाही, नळाला पाणी किती वाजता येतं तेवढं विचारतो. मी तेही विचारलं नाही. फोनवर मराठी आवाज ऐकला आणि हो म्हणून टाकलं.

"बाबा आर्मीत होते," मुलाने पहिल्याच दिवशी सांगितलं. आर्मीत काय होते, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताठ पाठ, पहाटे पाचला गुळगुळीत दाढी आणि रजईची चौकोनी घडी बघून मी त्यांना मनातल्या मनात सुभेदार करून टाकलं होतं.

संध्याकाळी आबा फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या डोक्यांवर शेरे मारत. एवढा एकच उद्योग. "ह्याचा टाळूचा केस पातळ झालाय, दोन वर्सांत चंद्र उगवनार." "ही बाई डोस्क्याला रोज साबन लावती, बगा कसं पिंजारलंय." एकदा एका माणसाच्या डोक्याला दोन भोवरे आहेत असं ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं.

"लग्नं किती ते मला ठावं न्हाई," आबा म्हणाले. "दोन भोवऱ्याच्या डोक्याला दोनदा पानी मारावं लागतं, येवडं खरं. केस दोन बाजूला पळतो. येक दोन भोवऱ्याचं डोकं तर आमच्या घरातच हाय. पन ते आमच्या हाताखाली येत न्हाई."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. लागला तो एका रविवारी, चहाच्या वेळी, माझ्या जिभेला हाड नसल्यामुळे. मुलाने वर येऊन "या खाली, चाय घेऊ" म्हणून बोलावलं होतं. मी माझ्या ऑफिसचं रडगाणं लावलं. नवी यंत्रणा येणार म्हणून चार महिने काम बंद आणि आमचे साहेबलोक जुन्या फायलींना नवी लेबलं डकवत बसलेले. "काय सांगू तुम्हाला," मी म्हटलं, "रिकामा न्हावी भिंतीला..."

मुलाचा कप तोंडापाशी थांबला. मी का थांबलो ते मलाच कळलं नाही, पण थांबलो.

"तुंबड्या लावी," आबांनी म्हण पुरी केली आणि दम लागेपर्यंत हसले. "आवं साहेब, तो न्हावी मीच की! पलटनीचा. चोवीस वर्सं पलटनीत आन बारा वर्सं हितं छावनीत, मेसच्या मागं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा उठून आत गेला. आबा मात्र खुशीत होते. बऱ्याच दिवसांत त्यांच्या धंद्याचं नाव त्या घरात कोणी घेतलं नसावं.

त्यानंतर माझी हजामत आबांकडे लागली. अर्थात चोरून, मुलगा कचेरीत गेल्यावर, माझ्या सुटीच्या दिवशी. पलंगाखालून एक पत्र्याची पेटी निघायची. तिच्यात दोन कात्र्या, हाताने दाबायचं जुनं मशीन, वस्तरा, चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा आणि पाण्याची पितळी पिचकारी. सगळं कसं परेडला उभं राहिल्यासारखं. मी स्टुलावर बसलो की आबा मागे उभे राहून विचारायचे, "हात लावू?" दर वेळी. मी एकदा म्हटलं, आबा, मी हजामतीलाच बसलोय, विचारता काय? तर म्हणाले, "जनरलसायबाला बी इचारत व्हतो आन रंगरुटाला बी. डोकं हाय ते. दुसऱ्याचं हाय."

मग हुकूम सुटायचा, "डोकं सावधान!" आणि पुढची वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. घरून फोन आला तरी नाही. त्या वीस मिनिटांत मला कोणी काही मागत नसे, काही विचारत नसे. दोनतीनदा मी चक्क झोपलो. जाग यायची ती "विश्राम!" या शब्दाने, आणि उठायचं जिवावर यायचं.

त्या जुलैत गच्चीवरच्या खोलीत एक अमेरिकन मुलगी राहायला आली. पंचविशीची, उंच, कृष्णवर्णीय. उर्दू शिकायला वर्षभरासाठी आली होती. मुलाने घाबरत घाबरत ठेवून घेतली, कारण परदेशी भाडेकरू म्हणजे पोलिसांत फॉर्म वगैरे आलं. तिची उर्दू पुस्तकातून आलेली. दूधवाल्याला ती म्हणायची, "ज़हमत न हो तो आधा लीटर इनायत कीजिए," आणि तो बिचारा पातेलं हातात धरून उभाच राहायचा.

तिचे केस दोन बोटं उंचीचे, अगदी बारीक स्प्रिंगसारखे वळलेले आणि दाट. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या खोलीतून गुरगुर आणि पाठोपाठ धूर निघाला, म्हणून मला वर बोलावलं. तिने घरून आणलेलं केस कापायचं मशीन तिकडच्या एकशे दहा व्होल्टचं. आपल्या भिंतीत खुपसल्यावर त्याचं काय होणार? मी उघडून पाहिलं आणि मान हलवली.

"शहीद हो गया?" तिने विचारलं.

"जी," मी म्हटलं.

ती हसली, पण तिचा चेहरा पडला होता. महिनाभराने ती बाजारातल्या एका पार्लरमध्ये जाऊन आली. तिथल्या बाईने हे केस आधी सरळ करून घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दुकानात पोरांनी तिच्या केसांबरोबर फोटो काढले. सब्जीवाला, रिक्षातली शेजारीण, देवळापुढची म्हातारी, जो तो न विचारता तिच्या डोक्याला हात लावून बघायचा. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी पिशवी घेऊन आली ती जिन्यातच बसली. "मैं थक गई हूँ," तिने सांगितलं. त्या वेळी मात्र तिच्या उर्दूत कसलीही नजाकत नव्हती. "मेरा सर कोई नुमाइश है?" तिचं डोकं म्हणजे काय प्रदर्शनातली वस्तू होती!

आबा फाटकाशी होते. त्यांनी ऐकलं. इतके महिने ते त्या डोक्याकडे बघत होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते, हे मला ठाऊक होतं. "साहेब, असलं डोकं मी जिंदगीत हाताखालून काडलं न्हाई," मला एकदा हळूच म्हणाले होते. "भोवरा कुटं हाय तेच गावत न्हाई." पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. आठ दिवसांनी जिन्याच्या खाली उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, आणि वर बघत म्हणाले, "बिटिया, हम नाई हैं. फ़ौज के. तुम बोलोगी तो हाथ लगाएँगे. नहीं बोलोगी तो नहीं लगाएँगे."

ती दोन पायऱ्या उतरून खाली आली. मग म्हणाली, "मेरे नाना काटते थे. रसोई में बिठाकर." तिने होकार दिला तो असा.

डिसेंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी मलिहाबादला तिच्या मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं आणि तिला केस नीट हवे होते. गच्चीवर कोवळं ऊन होतं. चादर अंथरली, स्टूल ठेवलं. "हात लावू?" झालं, "डोकं सावधान!" झालं. आबांनी छत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. पिचकारीने पाणी मारलं, कंगव्याने केस ताणून सरळ केले, ते चार चार बोटं लांब निघाले, आणि त्यांनी कंगव्यावर धरून दोन बोटं राखत कापले. हात सुंदर चालत होता. मी कठड्याला टेकून बघत होतो. काम झाल्यावर आबांनी चादर झटकली आणि कितीतरी दिवसांनी मिशीवरून हात फिरवला.

मग ऊन लागलं आणि केस वाळायला लागले. वाळता वाळता ते वर चढायला लागले. आधी मानेवर, मग कानांच्या वर. जे दोन बोटं राखलं होतं ते अर्धं बोटही उरेना. मागच्या बाजूला वळण जास्त घट्ट होतं, तिथे डोक्याची कातडी दिसायला लागली, आणि समोर मात्र झुडूप तसंच. पाण्याने ताणलेला केस वाळल्यावर इतका आखडतो, हे आबांना कोण सांगणार? सरळ केसांच्या पलटणीत त्यांचा जन्म गेला होता. आम्ही तिघंही ते होताना बघत होतो आणि कोणाला काही करता येत नव्हतं.

तिने आरसा घेतला, बघितलं, पालथा ठेवला. "बढ़ जाएँगे," ती म्हणाली. लग्नाला डोक्यावर ओढणी घट्ट बांधून गेली आणि पुढचे कितीतरी दिवस ओढणी उतरली नाही.

संध्याकाळी मुलाने आबांची बिनपाण्याने केली. वरपर्यंत ऐकू येत होतं. "फॉरेनर है बाबा वो! उद्या तिने कम्प्लेंट केली तर मी काय सांगू? तुम्हाला किती वेळा सांगितलं, बंद करा हे!" पेटी मुलाच्या लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली त्याच्या खिशात.

त्यानंतर आबा फाटकाशी बसेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी खाली गेलो की उजवा हात चादरीतून काढून माझ्यापुढे धरायचे. "कापतोय का बगा साहेब." कापत होता, थोडासा, त्या वयात कापतो तेवढा. मी म्हणायचो, नाही आबा. "हात गेला माजा," ते म्हणायचे. "येक डोकं खराब केलं न्हवतं आजवर. आता मानूस म्हनून माजा काय उपेग?" त्यांना समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी दिवसभर बंद पडलेले सिग्नल समजावून आलेलो असायचो. पाच मिनिटं बसून वर निघून जायचो, आणि याची मला आजही लाज वाटते.

मुलाचाही मला राग यायचा. पण एकदा तो स्वतःच वर आला, खुर्चीवर बसला आणि कोणी विचारलं नसताना बोलायला लागला. "तुम्हाला वाटत असेल, मी जल्लाद आहे. सर, माझ्या क्लासमधल्या सगळ्या पोरांची डोकी शनिवारी बाबांच्या हाताखालून जायची. ऑफिसर्सची पोरं. सोमवारी माझ्या बेंचसमोर डोकं वाकवून उभी राहायची. 'चल, चंपी कर.' रोज. तीन साल. चौदाव्या वर्षी मी बाबांना सांगितलं, माझ्या डोक्याला हात लावायचा नाही. त्यांनी पुन्हा लावला नाही." तो उठून दारापाशी गेला. "तुम्ही कोणाला सांगू नका, प्लीज."

कोणाला सांगणार होतो मी? दोघांचंही बरोबर होतं, आणि असं असलं की माणूस आणखीच थकतो.

गाठ सोडवली ती त्या मुलीने. फेब्रुवारीत एका रविवारी ती खाली आली, ओढणी काढून. केस परत बोटभर झाले होते, मागे कमी, पुढे जास्त. हातात मोठ्या दातांचा कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली. आबांच्या खाटेसमोर स्टूल ठेवून ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "ख़ता मेरी थी. मैंने बताया नहीं, आपको मालूम कैसे होता?"

आबा उठून बसले. "पेटी न्हाई माज्याकडं," मराठीतच म्हणाले.

ती वळून मुलाकडे गेली आणि तिने आपलं सगळं पुस्तकी वैभव त्याच्यावर ओतलं. "जनाब, अगर आप वह संदूक इनायत फ़रमाएँ तो मैं ताउम्र एहसानमंद रहूँगी." मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. एवढ्या अदबीला नाही कसं म्हणायचं, हे त्याला त्याच्या कचेरीत कोणी शिकवलं नव्हतं. त्याने किल्ली काढली.

त्या दिवशी कात्री चाललीच नाही. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा शिकायला बसले. मुलगी सांगायची, आबा बोटांनी चाचपायचे आणि प्रश्न विचारायचे. रोज धुवायचं नाही, आठवड्यातून एकदा, कारण हा केस मुळात कोरडा असतो आणि साबणाने अजून कोरडा होतो. कोरड्या केसात कंगवा घालायचा नाही, तुटतो. आधी पाण्याचा हात, मग वरून तेल, म्हणजे ओल आत राहते. कंगवा टोकाकडून, मुळाकडून नाही. आणि कापायचा तो वाळल्यावरच, आहे त्या रूपात, न ताणता.

"म्हंजे आमी आजवर केलं त्याच्या समदं उलटं," आबा म्हणाले. नाराजीने नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नव्या रंगरुटासारखी तरतरी आली होती. "आन नजरेनं न्हाई कापायचा ह्यो केस. तळव्यानं कापायचा. गोल लागला पायजे तळव्याला."

मोतीबिंदूच्या माणसाला याहून बरं काय हवं होतं? पुढच्या रविवारी त्यांनी ते डोकं कापलं. तासभर लागला. डावा तळवा केसांवरून हलके फिरायचा, जिथे उंचवटा लागेल तिथे कात्रीचं टोक एकदाच मिटायचं. हात कापत होता, पण कात्री केसाला टेकली की थांबायचा. मी पाहिलंय. मागे थोडं बारीक, वर गोल, कानाशी स्वच्छ रेघ. ती आरशात बघत राहिली आणि मग आरसा छातीशी धरून रडली. आबांनी तिला रडू दिलं. "विश्राम" म्हणायलाही विसरले.

मग दर दुसऱ्या रविवारी गच्ची भरू लागली. म्हणजे आम्ही तिघंच, पण भरल्यासारखी वाटायची. मधल्या दिवसांत आबा तिच्या केसांच्या मागे हात धुऊन लागले. सुती उशी तेल पिते म्हणून झोपताना सॅटिनची टोपी घालायची असते, हे कळल्यावर त्यांनी मला शिंप्याकडे पिटाळून अस्तराचं सॅटिन आणवलं. रोज नवाला जिन्याखालून हाक जायची, "टोपी?" वरून उत्तर यायचं, "हाज़िर, उस्ताद!" मगच आबा दिवा मालवायचे. बोअरच्या पाण्याने केस राठ होतात म्हणून स्वतः प्यायच्या पाण्याची कळशी वर चढवायचे. मुलगा नुसता बघायचा. एकदा मात्र मी त्याला अर्ध्या जिन्यात कळशी आबांच्या हातातून काढून घेताना पाहिलं. वर ठेवून तो तसाच कचेरीत गेला.

जूनमध्ये तिचं वर्ष संपलं. जाताना तिने तो मोठ्या दातांचा कंगवा आबांच्या पेटीत ठेवला. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आधी विचारून.

शिकागोला घरी गेल्यावर ती स्वतःच आपले केस कापायला लागली, दोन आरसे लावून, आणि आमच्या रविवारी संध्याकाळी फोनवर दाखवायला लागली. तिकडे सकाळ असायची. आबांना पडद्यावर काही धड दिसायचं नाही, म्हणून मुलगा फोन धरून वर्णन करायचा. "बाबा, लेफ्टला थोडं वर आलंय." "कानाच्या वर का मागं?" "मागे." "बिटिया, तळवा फिराव! तळवा!" चाळिशी ओलांडलेला तो अधिकारी फोन धरून उभा, आणि परदेशातल्या एका मुलीच्या मानेवरचे केस किती बोटं आहेत ते बापाला सांगतोय. मी लांबून बघायचो. एका रविवारी फोन बंद झाल्यावर आबा मला म्हणाले, मुलगा आत गेलाय असं बघून, "परक्याच्या पोरीचं डोकं सात समुद्रापल्याडनं हाताखाली आलं साहेब. घरातलं येक न्हाई आलं. येकदा यावं, असं वाटतं." मी म्हटलं, सांगू का त्याला? "नगं," आबा म्हणाले. "त्यानं नगं म्हनून सांगितलंय. डोकं त्याचं हाय."

दिवाळीनंतर आबांचा उजवा हात खरोखरच गेला. अर्धांगाचा हलका झटका, डॉक्टर म्हणाले. बोलणं जड झालं. दाढी मुलगा करून द्यायचा, इलेक्ट्रिक मशीनने. पण डोक्याला बाहेरचा न्हावी आबांना चालेना. केस कानांवर आले, मग कॉलरवर. आयुष्यात त्यांच्या कॉलरला केस शिवला नव्हता. ते डाव्या हाताने सारखे मान चाचपायचे आणि तोंड वाकडं करायचे.

एका सकाळी मुलगा वर आला. "सर, जरा चादर धरायला या."

पेटी उघडी होती. आबा खुर्चीत, मागे उशा. मुलाने कात्री घेतली ती मुळी चुकीच्या बोटांत घातली. मग त्याने आबांच्या मागे उभं राहून विचारलं, "बाबा, हात लावू?"

आबांनी वर बघायचा प्रयत्न केला. मान वळेना. "लाव," म्हणाले.

पाणी मारलं, कंगवा धरला, आणि त्याने कापलं, जसं आयुष्यात पहिल्यांदा कापणारा कापेल तसं. डाव्या बाजूला चक्क पायरी पडली. ती सारखी करायला गेला तर दुसरी पडली. घामाघूम झाला होता. शेवटी कात्री ठेवून तो समोर येऊन बसला. आबांनी डावा तळवा डोक्यावरून फिरवला, हळूहळू, मानेपासून टाळूपर्यंत. पायरीवर थांबले. आजवर त्यांनी कोणाच्या कापण्याची गय केली नव्हती.

"बढ़ जाएँगे," आबा म्हणाले.

वाढायला वेळ मिळाला नाही. तीन आठवड्यांनी, जानेवारीच्या धुक्यात, आबा गेले. आंघोळ घालताना ती पायरी तशीच होती. मी टॉवेलने त्यांचं डोकं पुसलं. मनात म्हटलं, हात लावतो आबा.

दहाव्याला गोमतीच्या काठावर मी मुलासोबत गेलो. घाटावर यायला दुसरं होतंच कोण? सूनबाई आणि पोरं पुण्याहून येऊन घरी थांबली होती. धुकं इतकं की पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. क्षौर करायला घाटावरचा न्हावी बसला होता. त्याने आपलं सामान मांडायला घेतलं, तेव्हा मुलाने पिशवीतून आबांची पेटी काढून त्याच्यापुढे ठेवली. "इससे कीजिए."

न्हाव्याने वस्तरा उघडला, अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि भुवया उचलल्या. "किसका है साहब?"

मुलगा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी पाण्याकडे बघितलं.

"मेरे पिताजी का," तो म्हणाला. "नाई थे. पलटन के."

मागे दुसऱ्या घरच्या विधींना आलेले सात-आठ लोक उभे होते, त्यांनीही ऐकलं असणार. न्हावी "अच्छा" म्हणाला, त्याने वस्तरा आदराने आपल्या कपाळाला लावला आणि मुलाच्या डोक्यावर पाण्याचा हात फिरवला. मुलाने मान खाली घातली. मी त्याच्या मागे उभा होतो. दोन वर्षांत मी त्याला मागून असा कधी पाहिलाच नव्हता. ओल्या केसांतून टाळूवर एकाशेजारी एक दोन भोवरे स्पष्ट दिसत होते.

वस्तरा टेकणार तेवढ्यात मुलाने हात वर केला.

"एक बार और पानी मारिए भैया," तो म्हणाला. "इस सर को दो बार लगता है."